लाइन गेली की बिघडणारा काटा : एका जिनिंगमधल्या सिरियल पोर्टचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. "भाऊ, लाइन गेली की काटा बिघडते."

पांढरकवडा ते वणी या पट्ट्यातली ही जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारा कारखाना. नोव्हेंबर २०१३, दिवाळी नुकतीच झालेली, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली. फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सकाळी सहापासून. अशा वेळी वजनकाट्यावरचा संगणक आकड्यांऐवजी चिन्हं दाखवत असेल, तर वजन हातानं लिहावं लागतं. हातानं लिहिलेल्या वजनावर शेतकऱ्याचा भरवसा बसत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. वर्षभराच्या कष्टाचा चुकारा त्या एका आकड्यावर ठरतो.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्ती करतो, गरज पडली तर थोडं प्रोग्रामिंगही. माझ्याआधी इथं तिघं येऊन गेले होते. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण तशी जुनी यंत्रं आपल्या भागात काट्यांवर, दूध संकलन केंद्रांवर आणि दालमिलांमध्ये अजून चालू आहेत, आणि हाच दोष त्यांतही दडून बसलेला असू शकतो.

यंत्रं कोणती होती

चाळीस टनी काटा. केबिनमध्ये त्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचे लाल आकडे दाखवणारी पेटी. तिच्यातून तीन तारांची एक केबल संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला, म्हणजे एकामागून एक बिट घेणाऱ्या जोडणीला. संगणकात रेड हॅट लिनक्स ७.३, म्हणजे २००२ सालची आवृत्ती, २.४ कर्नल (कर्नल म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा लिनक्सचा गाभा). त्यावर काट्याचा प्रोग्राम. ट्रॉली भरलेली आली की एक वजन, कापूस उतरवून रिकामी परतली की दुसरं, आणि पावतीवर निव्वळ. हे सगळं दहा वर्षं बिनतक्रार चाललं होतं. इतकं नीट चालणारं यंत्र बदलायचं कोणाच्या मनात येणार?

त्या पावसाळ्यात वीज पडून जुना इंडिकेटर गेला. नवा बसला. जुना ९६०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगानं बोलायचा, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) नाही. नवा २४०० बॉडचा, सात डेटा बिट, सम पॅरिटी. नव्या इंडिकेटरचाच वेग ९६०० का केला नाही, असा प्रश्न साहजिक आहे, मीही तो विचारला. काट्याची तपासणी होऊन वैधमापनशास्त्र खात्याचं सील लागलेलं होतं, आणि सेटिंगचं बटण त्या सीलच्या आत. सील तोडलं तर पुन्हा पडताळणी, तोवर काटा बंद. ऐन हंगामात ते कोणीच करणार नाही, करूही नये. म्हणजे जुळवून घ्यायचं ते संगणकानंच.

इंडिकेटर बसवायला आलेल्या माणसानं प्रोग्रामच्या सेटिंग फाइलमध्ये ९६०० च्या जागी २४०० लिहिलं, आणखी काहीतरी केलं, आणि मालकांसमोर आकडे बरोबर आले. तो गेला. दोन दिवसांनी भारनियमनात लाइन गेली, यूपीएसची बॅटरी मेलेलीच होती, संगणक बंद पडला. लाइन आल्यावर चालू केला तर स्क्रीनवर कचरा. त्याला पुन्हा बोलावलं, त्यानं केबल बदलली, चालू झालं. पुन्हा लाइन गेली, पुन्हा कचरा. असं तीनदा.

लाइन आणि बिघाड यांची अशी जोडी दिसल्यावर सगळ्यांनी विजेलाच धरलं. व्होल्टेजनं पोर्ट जळालं म्हणून वायर दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली, तिथंही तेच, म्हणजे दोन्ही जळाले असं ठरलं. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा नवा खड्डाही झाला. काट्यावरच्या काकांनी मला तो खड्डा दाखवला आणि म्हणाले, "यवढं करूनही आकडे येऊन नाही राहिले. मंग आता मशीनच गेलं असन."

लूपबॅक चाचणीनं फसवलं

आधी आलेल्यांपैकी एकानं पोर्ट तपासायची नेहमीची युक्ती केली होती. पोर्टच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेनं जोडायच्या, म्हणजे पाठवलेलं तेच परत येतं. प्रोग्रामच्या चाचणी पानावर त्यानं 'वेग २४००' पाहून अक्षरं पाठवली, ती जशीच्या तशी परत आली. त्यावरून निष्कर्ष निघाला की वेग बरोबर, पोर्ट बरोबर, दोष इंडिकेटरचा. पण आधी त्याच पोर्टला जळालेलं ठरवलं होतं, हे कोणाला आठवलं नाही.

ही चाचणी वेगाबद्दल काहीच सांगत नाही. पाठवणारा आणि घेणारा एकच पोर्ट असेल तर दोघांचा वेग एकच असतो, मग तो २४०० असो, ९६०० असो की आणखी काही. स्वतःशीच बोलणाऱ्याचं बोलणं कधी चुकत नाही. लूपबॅकनं चिप आणि पिना जिवंत आहेत एवढंच कळतं.

मी कर्नललाच विचारलं. २.४ च्या लिनक्समध्ये 'प्रॉक'खाली 'टीटीवाय', त्याखाली 'ड्रायव्हर', आणि त्यात 'सिरियल' नावाची फाइल असते. ती वाचली की प्रत्येक पोर्टची एक ओळ दिसते. इथं ओळीत होतं : चिप १६५५०ए, इंटरप्ट ४, बॉड ९६००, आणि पुढं 'एफई' म्हणजे फ्रेमिंग एररचा, अक्षराचा शेवट जागेवर न सापडल्याच्या चुकांचा आकडा. तो हजारोंत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

सेटिंग फाइलमध्ये २४००, प्रोग्रामच्या पडद्यावर २४००, आणि कर्नल म्हणतो ९६००. विजेचा संशय माझ्यापुरता तिथंच संपला. जळालेलं पोर्ट इतक्या शिस्तीत चुकत नाही.

कचऱ्यालाही आकार असतो

आलेले बाईट मी कागदावर उतरवले. यात थोडा वेळ गेला, पण माझ्या मते तो सगळ्यात कामाचा वेळ होता. काका शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांना वाटलं मी नुसता कचरा लिहून काढतोय.

पण कचरा सरमिसळ नव्हता. सोळा-आधारी मोजणीत शून्य-शून्य, ७८, ८० आणि एफ८, हेच चार बाईट बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा येत होते. कारण सोपं आहे. २४०० वर एक बिट सुमारे ४१७ मायक्रोसेकंद टिकतो, ९६०० वर सुमारे १०४. म्हणजे पाठवणाऱ्याचा एक बिट घेणाऱ्याला चार बिटांएवढा लांब दिसतो. अक्षर सुरू झाल्याची खूण देणारा सुरुवातीचा स्टार्ट बिट (तो नेहमी शून्य) लांबून घेणाऱ्याचे पहिले तीन डेटा बिट शून्य करून टाकतो, पुढचे चार बिट पाठवणाऱ्याच्या एकाच बिटाचे, आणि शेवटचा त्याच्या पुढच्या बिटाचा तुकडा. दोन बिटांच्या चारच जोड्या होतात, म्हणून बाईटही मुख्यतः चारच. वेग नेमका चार पटींनी चुकला आहे, हे त्या कागदावरच लिहिलेलं होतं.

मग प्रोग्राम बंद केला आणि पोर्टची सेटिंग बदलणाऱ्या 'एसटीटीवाय' कमांडनं पोर्टचा वेग हातानं २४०० केला. प्रॉकमधली ओळ लगेच बदलली. चिपच्या पातळीवर काय होतं तेही सांगतो. पोर्टच्या चिपला १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं, त्याला १६ नं भागलं की १,१५,२००. आता ज्या संख्येनं भागाल तो वेग : १२ नं भागलं की ९६००, ४८ नं भागलं की २४००. कर्नल चिपमध्ये तो भाजकच लिहितो. तेवढंच पाहिजे होतं.

प्रोग्राम चालू केला. काट्यावर एक भरलेली ट्रॉली उभी होती. इंडिकेटरवर ६३५०, संगणकावर ६३५०. काकांनी टाळी वाजवली. पुढची ट्रॉली आली. इंडिकेटरवर ६३४०, संगणकावर ६३०.

मला त्या क्षणी खरंच घाम फुटला. कचरा दिसला की माणूस थांबतो. ६३० हा कचरा दिसत नाही, तो आकडा दिसतो. मी काकांना पावती छापू नका म्हणालो, वजनं हातानंच लिहा, मी सांगेपर्यंत.

असं का झालं तेही बिटांतच होतं. वेग आता बरोबर होता, पण पोर्ट आठ बिट, पॅरिटी नाही अशा तऱ्हेनं वाचत होतं. इंडिकेटर सात बिट पाठवून आठवा बिट पॅरिटीचा जोडत होता, एकूण १ ची संख्या सम व्हावी म्हणून. ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांच्या कोडमध्ये मुळातच १ ची संख्या सम आहे. त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो, ते जसेच्या तसे येतात. १, २, ४, ७ आणि ८ यांत ती विषम आहे, म्हणून वरचा बिट चढतो आणि अक्षर अंक राहतच नाही. आणि प्रोग्राम काय करत होता? अंक नसलेलं प्रत्येक अक्षर मुकाट्यानं गाळत होता. ६३५० मधले चारही अंक सुदैवी. ६३४० मधला ४ गळाला.

हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सगळंच अगम्य असेल तर वेग चुकला. ठरावीक पाच अंक नेहमी बरोबर आणि ठरावीक पाच नेहमी चूक असतील तर पॅरिटी चुकली.

सात बिट आणि सम पॅरिटी तीच कमांड देऊन लावली. दहा ट्रॉल्या पाहिल्या, दहाही बरोबर. मग मालकांना विचारून संगणक नीट, रीतसर बंद केला आणि पुन्हा चालू केला. लाइन गेली नव्हती, कोणी काही हलवलं नव्हतं. स्क्रीनवर पुन्हा कचरा, प्रॉकमध्ये पुन्हा ९६००.

म्हणजे बिघाड लाइनीचा नव्हता. लाइन गेली की संगणक नव्यानं चालू होत होता, एवढाच तिचा संबंध. इंडिकेटरवाला माणूस दर वेळी हीच कमांड देऊन जात असणार. केबल त्यानं बदलली तीही, पण काम कमांडनं झालं, आणि श्रेय केबलला मिळालं.

मग प्रोग्राम काय करत होता

सेटिंगमध्ये २४०० असताना प्रोग्राम ते लावत का नाही? सोर्स कोड तिथं नव्हता. 'एसट्रेस' नावाचं साधन मूळ सीडीवर सापडलं. ते चालत्या प्रोग्रामची कर्नलशी होणारी प्रत्येक मागणी छापून दाखवतं. त्यात दिसलं ते असं : प्रोग्राम पोर्ट उघडतो, आधीची सेटिंग वाचतो, आणि लगेच सेटिंग लिहितो. लिहिताना वेगाच्या जागी 'बी९६००'. जुन्या एसट्रेसमध्ये त्या ओळीवर साउंड कार्डच्या एका मागणीचंही नाव छापलेलं दिसतं, कारण दोन्ही मागण्यांचा क्रमांक एकच आहे. ते पाहून कोणी गोंधळू नये.

प्रोग्राम नागपूरच्या ज्या मुलानं लिहिला होता, तो आता दुसरीकडं नोकरीला आहे. फोन केला, त्यानं त्याच रात्री कोड पाठवला. इतक्या वर्षांनी जपून ठेवलेला होता, याचं मला कौतुक वाटलं. ओळ सापडायला पाच मिनिटं लागली. सेटिंग फाइलमधला २४०० हा आकडा त्यानं थेट वेग ठरवणाऱ्या 'सीएफसेटआयस्पीड' आणि 'सीएफसेटओस्पीड' या फंक्शनना दिला होता.

या आवृत्तीच्या लिनक्सवर ते चालत नाही. या फंक्शनना आकडा नको असतो, खूण हवी असते : बी२४००, बी९६०० अशी. आणि या लिनक्समध्ये बी२४०० ची किंमत २४०० नाही, ११ आहे. बी९६०० ची १३. हे विचित्र वाटतं, पण त्याला जुनं कारण आहे. लिनक्स ज्याच्या नमुन्यावर घडलं ते युनिक्स पीडीपी-११ या जुन्या संगणकावर वाढलं. त्या यंत्राच्या डीएच-११ या टर्मिनल जोडणीत वेग चार बिटांत निवडायचा असे, म्हणजे सोळाच पर्याय, शेवटचे दोन बाहेरच्या घड्याळासाठी राखलेले. युनिक्सनं तेच क्रमांक घेतले. पुढं त्या शेवटच्या दोन जागी १९,२०० आणि ३८,४०० बसले. त्याहून जास्त वेग आले तेव्हा लिनक्समध्ये एक वेगळा बिट जोडावा लागला. म्हणून इथं २४०० चा क्रमांक ११ आहे.

युनिक्सच्या बीएसडी घराण्यात मात्र बी९६०० म्हणजे खरोखर ९६००. तिथं हाच कोड बरोबर चालला असता. त्या मुलानं कोणत्या पुस्तकात किंवा कोणत्या यंत्रावर हे शिकलं मला माहीत नाही, पण त्याला अडाणी म्हणायला मी तयार नाही.

२४०० हा आकडा दिल्यावर फंक्शन उणे एक परत देतं, म्हणजे 'हे मला मान्य नाही'. कोडमध्ये ते उत्तर कोणी वाचलंच नव्हतं. वेग होता तसाच राहिला, पुढं 'टीसीसेटअ‍ॅटर'नं तोच पुन्हा लिहिला. आणि होता तसा म्हणजे किती? या लिनक्समध्ये संगणक चालू झाल्यावर सिरियल पोर्टचा मूळ वेग ९६०० असतो.

तर दहा वर्षांचं गुपित हे. सेटिंग फाइलमधला ९६०० देखील कधीच लागला नव्हता. तोही दर वेळी नाकारला जात होता. जुना इंडिकेटर योगायोगानं त्याच वेगाचा होता म्हणून कोणाला कळलं नाही. सेटिंगची ती ओळ पहिल्या दिवसापासून नुसती शोभेची होती. आणि एसटीटीवायनं हातानं लावलेला वेग या यंत्रावर पोर्ट बंद झालं तरी टिकून राहतो, संगणक बंद होईपर्यंत. प्रोग्राम तो टिकलेला वेग वाचून परत लिहायचा. म्हणून कमांड दिली की लाइन जाईपर्यंत सगळं सुरळीत.

काय बदललं

त्याच रात्री तात्पुरता उपाय केला. संगणक चालू होताना शेवटी चालणाऱ्या 'आरसी डॉट लोकल' फाइलमध्ये एसटीटीवायची पूर्ण ओळ लिहिली : २४००, सात बिट, सम पॅरिटी. काकांना ती ओळ वहीतही लिहून दिली.

दोन दिवसांनी प्रोग्राम बदलला. आकड्यापासून खूण शोधणारा छोटा तक्ता घातला. तक्त्यात नसलेला वेग असेल तर प्रोग्राम चालूच होणार नाही, कारण सांगून थांबेल. डेटा बिट आणि पॅरिटी सेटिंग फाइलमधून घेतली. सेटिंग लिहिल्यावर ती 'टीसीगेटअ‍ॅटर'नं पुन्हा वाचून पडताळली. हे अनावश्यक वाटू शकतं, पण टीसीसेटअ‍ॅटर मागितलेल्या बदलांपैकी एक जरी लागला तरी 'झालं' म्हणून सांगतं, हा पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाचा लिखित नियम आहे. सगळे लागले का हे आपणच पाहायचं.

माझ्या दृष्टीनं त्याहून मोठा बदल दुसराच. वजनाच्या ओळीत एकही अनोळखी अक्षर आलं तर प्रोग्राम आता ती अख्खी ओळ टाकतो, अंक गाळून उरलेल्याचा आकडा करत नाही. लागोपाठ तीन ओळी सारख्या आल्या तरच वजन धरतो. वेगाच्या चुकीनं रांग खोळंबली होती. अंक गाळण्याच्या सवयीनं एखाद्याच्या ट्रॉलीतला कापूस कागदावरून नाहीसा झाला असता.

मालकांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला आवडला : या पंधरा दिवसांत कोणाची पावती चुकीची गेली का? संगणकातल्या नोंदी आणि काकांची वही रात्री बसून ताडून पाहिली. इंडिकेटरवाल्यानं दर वेळी पॅरिटीसकट पूर्ण कमांड दिली असावी, कारण आकडे आलेल्या दिवसांचं प्रत्येक वजन वहीशी जुळलं. ६३० चा आकडा फक्त माझ्या चाचणीत आला होता आणि त्याची पावती छापली नव्हती.

शेवटची चाचणी आम्ही मुद्दाम केली. दुपारी रांग कमी झाल्यावर काकांना म्हटलं, मेन स्विच खाली ओढा. त्यांचा हात जाईना. "पुन्हा बिघडन ना, भाऊ." मग मीच ओढला. लाइन आली, संगणक चालू झाला, प्रॉकमध्ये बॉड २४००, एफई काहीच नाही. दुसऱ्यांदा काकांनी स्वतः ओढला, आणि तिसऱ्यांदा रांगेतल्या एका शेतकऱ्यानं, ज्याची ट्रॉली काट्यावर उभी होती. त्याला लाल आकडे आणि कागद शेजारी ठेवून पाहायचे होते. ७४८० आणि ७४८०. त्यानं पावती चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवली आणि ट्रॅक्टर पुढं घेतला.